चकचकीत दांडा, गळकं भोक : शिडाच्या बोटीवरची एक दुरुस्ती

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना झालेले 'अं… अं…' काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

[००:००]

हेडफोन लावलेत ना? आज जरा वेगळा विषय आहे. ऐकून तुम्ही म्हणाल, हा काय आपल्या कामाचा? पण पाच मिनिटं थांबा. तुमच्या घराला पत्रा असेल, बाल्कनीला ग्रिल असेल, गच्चीवर सोलर बसवला असेल, तर हा विषय तुमचाच आहे.

मी कसाऱ्याचा. सेंट्रल लाइनची लोकल जिथे संपते आणि पुढे घाट चालू होतो, तिथला. बीटेक करून सॉफ्टवेअरमध्ये आहे, आठवड्यातले काही दिवस घरून काम, काही दिवस मुंबईला. आमच्या घराच्या मागच्या पडवीला पत्रा आहे. दर पावसाळ्यात आईचा एक कार्यक्रम ठरलेला असतो. पहिल्या मोठ्या पावसात कुठे टपटप होतंय ते बघायचं आणि तिथे पातेलं ठेवायचं. लहानपणी मला वाटायचं, पत्रा फाटलाय. बाबा वर चढायचे, दहा मिनिटांनी खाली यायचे आणि म्हणायचे, "पत्रा नाही गळत रे, भोक गळतंय." म्हणजे काय, तर पत्रा ज्या हुकानं आढ्याला धरलाय, त्या हुकासाठी पाडलेलं भोक. हुकाच्या नटाखाली डांबराचा वायसर असतो. तो उन्हानं कडक झाला, चिरला, की पाणी थेट हुकावरून आत.

एवढं डोक्यात ठेवा. आजचा सगळा एपिसोड त्या वायसरबद्दल आहे. फक्त घर पाण्यावर तरंगणारं आहे.

[०१:५०]

कॉलेजात असताना एका मित्रामुळे मला शिडाच्या बोटीचा नाद लागला. घाटातल्या मुलाला समुद्राचं काय? पण लागला. आता मुंबईच्या बंदरात एक सर आहेत, निवृत्त, सत्तरी ओलांडलेले. त्यांची २६ फुटी जुनी फायबरची बोट आहे. शनिवार-रविवार मी तिच्यावर हाताखाली काम करतो आणि बदल्यात शीड चालवायला शिकतो. मुंबईत हा खेळ साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात छोट्या बोटी बाहेर काढून ताडपत्रीखाली ठेवतात.

या बोटीच्या केबिनच्या छतावर, डावीकडे आणि उजवीकडे, सागवानाचा एकेक लांब दांडा बसवलेला आहे. इंग्रजीत हँडरेल. सहा फुटांहून थोडा लांब. मध्ये मध्ये लांबट खिडक्या कापलेल्या, बोटं घालून धरता यावं म्हणून. दोन खिडक्यांच्या मधला जो भाग डेकला टेकतो, त्याला मी 'पाय' म्हणणार आहे. एका दांड्याला पाच पाय. प्रत्येक पायातून एक बोल्ट डेकच्या आरपार जातो आणि खाली केबिनच्या छताला नट.

हा दांडा शोभेचा नाही. बोट कलंडते, डेक ओला असतो, पुढे जाऊन शीड सोडवायचं असतं. खलाशांचा जुना नियम आहे : एक हात कामाला, एक हात स्वतःला धरायला. तो दुसरा हात या दांड्यावर असतो. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'वरून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. असा पराक्रम करणारे ते पहिले भारतीय. एकटा माणूस बोटीवरून पडला तर बोट वळवून त्याला उचलायला मागे कुणी नसतं. त्या बोटीवरच्या प्रत्येक धरायच्या गोष्टीला काय किंमत असेल, विचार करा.

[०३:४०]

आता माझी चूक.

गेल्या एप्रिलमध्ये सर म्हणाले, दांडे काळपट दिसतायत, जरा बघ. मी व्हिडिओ बघितले, मास्किंग टेप लावली, वरवर घासलं, व्हार्निशचे दोन हात मारले. दांडे असे चमकले की काय सांगू! फोटो टाकला, बरेच लाइक आले. सागवान आहे ना, व्हार्निश लागलं की मधासारखा रंग येतो.

पण घासताना उजव्या दांड्याचा सगळ्यात पुढचा पाय हाताखाली किंचित हलला होता. अगदी किंचित. मला कळलं होतं. मी म्हटलं, नंतर बघू. आपण कोडमध्ये लिहितो ना 'टू डू', आणि ती ओळ तशीच प्रॉडक्शनला जाते? तसंच.

पावसाळा गेला. सप्टेंबरमध्ये ताडपत्री काढली तर केबिनमध्ये कुबट वास, एक गादी बुरशीनं काळी, आणि छतावर नटाभोवती तपकिरी ओघळ. आम्हाला वाटलं, ताडपत्री कुठेतरी सरकली असेल.

ऑक्टोबरमध्ये बोट पाण्यात उतरली. पहिल्याच रविवारी एक कॉलेजची मुलगी आली होती, तिची पहिलीच वेळ. परतताना शेजारून एक मोठी लाँच गेली, तिची लाट आडवी आली. मुलीचा पाय घसरला आणि तिनं साहजिकच दांडा धरला. पुढचा पाय डेकवरून अर्धा बोट वर उचलला गेला. कट्ट आवाज आला. बाकीच्या चार पायांनी धरून ठेवलं आणि सरांनी मागून तिचं लाइफ जॅकेट पकडलं, म्हणून ती वरच राहिली. तिनं हसून सोडून दिलं. मला हसता आलं नाही.

किनाऱ्यावर आल्यावर मी सरांना सांगितलं, "सर, तो पाय एप्रिलमध्ये हलत होता. मला माहीत होतं. मी वरून व्हार्निश मारलं." सर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बरं झालं सांगितलंस. आता दोन्ही काढ. पहिल्यापासून कर."

तर पहिल्यापासून म्हणजे काय, ते आता सांगतो.

[०६:००]

आधी हे समजून घेऊ की गळतं कसं. फायबरच्या बोटीचा डेक एकसंध नसतो, सँडविचसारखा असतो. वर फायबरचा पातळ थर, खाली फायबरचा पातळ थर, आणि मध्ये हलकं लाकूड, बऱ्याचदा बाल्सा किंवा प्लायवूड. त्यामुळे डेक हलकाही होतो आणि ताठही. पण त्यात बोल्टसाठी भोक पाडलं की मधलं लाकूड उघडं पडतं. पाय आणि डेक यांच्यामध्ये सीलंटची गादी घालतात, तीच पाणी अडवते. आमच्या पडवीवरचा डांबराचा वायसर आठवा.

ही गादी कायमची नसते. लाकूड ओलं झालं की फुगतं, उन्हात आकसतं. वर फायबर, खाली फायबर, मध्ये ओढाताण. शिवाय केबिनचं छत थोडं गोलसर असतं आणि दांडा सरळ, तो वाकवून बसवलेला असतो. त्यामुळे दांड्याची दोन्ही टोकं कायम वर उचलायला बघतात. म्हणून टोकाचा पाय आधी सुटतो. काही वर्षांनी सीलंट कडक होतं, एका बाजूनं केसाएवढी फट पडते आणि पाणी बोल्टवरून आत उतरतं. आधी मधलं लाकूड भिजतं, मग कुजतं, मग नट ज्यावर आवळलाय तो भागच मऊ होतो. म्हणजे बोल्ट शाबूत, दांडा शाबूत, आणि तरी दांडा उपटून येऊ शकतो.

गंमत बघा, दांड्याच्या सागवानाला फारसं काही होत नाही. त्यात नैसर्गिक तेल असतं, पाणी आणि कीड दोन्ही त्याला लवकर लागत नाहीत. मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंबानं सागवानाची जहाजं बांधली. त्यातलं 'ट्रिंकोमाली' १८१७ साली पाण्यात उतरलं आणि आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. दोनशे वर्षं! त्यामुळे आपण निर्धास्त होतो : सागवान आहे, काय होणार? पण सागवानाखाली काय आहे, ते कोण बघणार?

तुमच्या बोटीवर, किंवा कुठेही, तपासायचं असेल तर तीन गोष्टी. एक, प्रत्येक पाय हातानं वर ओढून, आडवा ढकलून बघा. जराही हलता कामा नये. दोन, आतून नटाभोवती डाग आहे का बघा. तीन, स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं डेकवर टकटक करत पायाभोवती फिरा. चांगल्या जागी टणक आवाज येतो, ओल्या जागी भद्द. नारळ वाजवून बघतो ना, तसं.

[०८:३०]

आता दांडा काढायचा. बोल्टचं डोकं वरून दिसत नाही, त्यावर सागवानाचं छोटं गोल बूच बसवलेलं असतं. ते पटाशीनं उचकटलं तर भोकाची कड तुटते. युक्ती अशी : बुचाच्या मधोमध बारीक भोक पाडा आणि त्यात एक साधा लाकडाचा स्क्रू फिरवत जा. स्क्रूचं टोक खाली बोल्टच्या डोक्याला टेकलं की पुढे जायला जागा नसते, मग बूच आपोआप स्क्रूवर चढत बाहेर येतं. पहिलं बूच असं निघालं तेव्हा मी खरंच टाळी वाजवली.

नट काढायला दोन माणसं लागतात, एक वर डोकं धरून, एक आत पाना घेऊन. सगळे नट निघाले तरी दांडा जुन्या सीलंटनं चिकटलेला असतो. इथे घाई केली की संपलं. खिडक्यांमुळे दांडा जागोजागी बारीक असतो, एका टोकाला पहार लावली तर मधोमध चिरतो. आम्ही पातळ पुट्टीपात्या आणि मासेमारीची नायलॉनची दोरी वापरली. दोरी पायाखाली घालून करवतीसारखी मागेपुढे ओढायची. दहा पायांना दोन तास गेले.

काढण्याआधी दोन कामं विसरू नका. प्रत्येक पायाभोवती डेकवर टेप लावून पेन्सिलनं आकार काढा, आणि दांड्यांच्या पोटाला लिहा : 'डावा, पुढे', 'उजवा, पुढे'. दोन्ही दांडे दिसायला सारखे असले तरी भोकं सारखी नसतात. उघड्या भोकांवर पुढच्या आठवड्यापर्यंत चांगली टेप लावून टाका.

मग मी दोन्ही दांडे गोणपाटात गुंडाळले आणि कसारा लोकलच्या लगेज डब्यात चढलो. रिकाम्या पाट्या घेऊन परतणाऱ्या एक भाजीवाल्या मावशी होत्या. त्यांनी विचारलं, "काय रे बाळा, शिडी हाय का?" मी म्हटलं, "मावशी, बोटीचा दांडा आहे." त्या म्हणाल्या, "कसाऱ्याला बोट? धरणात चालवतोस का?" अडीच तासांच्या प्रवासात आख्ख्या डब्याला शिडाची बोट म्हणजे काय ते कळलं.

[१०:४०]

घरी आल्यावर मी दांडे आमच्या इथल्या सुतारकाकांना दाखवले. दारं-खिडक्या करण्यात त्यांची हयात गेली. त्यांनी दांडा हातात घेतला, चमकणाऱ्या बाजूकडे बघितलंही नाही, उलटा केला आणि पायाच्या भोकात करंगळी घातली. म्हणाले, "वरून नवरदेव केलास, आतून तहानलेला ठेवलास." खरंच, एप्रिलमध्ये मी फक्त वरची बाजू रंगवली होती. पोट आणि भोकं कोरीच. लाकूड सगळ्यात जास्त पाणी पितं ते कापलेल्या टोकातून, जिथे त्याच्या नळ्या उघड्या असतात. भोकाच्या आत त्याच नळ्या उघड्या असतात.

पॉलिशचं काम क्रमानं सांगतो.

जुनं व्हार्निश हीट गननं मऊ करून स्क्रेपरनं काढलं. गन एका जागी धरायची नाही, लाकूड करपतं. नंतर ८० नंबरचा पेपर, मग १२०, मग २२०. नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेनं. आडवं घासलं तर ओरखडे व्हार्निशखाली भिंगातून बघितल्यासारखे दिसतात. तोंडाला मास्क हवाच, सागवानाची धूळ नाकाला आणि कातडीला चांगली नाही. लोखंडी तारेचा ब्रश अजिबात नको. त्याचे कण लाकडात अडकतात आणि समुद्राच्या हवेत गंजून काळे ठिपके उमटतात.

पायांपाशी काळे डाग होते, ते ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्यानं गेले. हे विषारी आहे, त्यामुळे हातमोजे, चष्मा, आणि नंतर भरपूर पाण्यानं धुणं. लहान मुलं, गुरं, कोंबड्या यांच्यापासून लांब. मग दांडा पूर्ण वाळू द्यायचा.

आता सागवानाचं ते तेल, जे त्याला टिकवतं, तेच व्हार्निशला चिकटू देत नाही. म्हणून पहिल्या हाताआधी ॲसिटोनमध्ये भिजवलेल्या स्वच्छ फडक्यानं पुसायचं आणि अर्ध्या तासाच्या आत व्हार्निश लावायचं, नाहीतर आतलं तेल पुन्हा वर येतं. पहिला हात निम्मं थिनर घालून, अगदी पातळ, म्हणजे तो लाकडात मुरतो. दुसऱ्यात थिनर कमी. तिसऱ्यापासून जवळजवळ डब्यातलं तसंच. दोन हातांमध्ये ३२० च्या पेपरनं हलकं घासायचं, म्हणजे पुढचा थर धरतो. मी सात हात दिले. पोटाला आणि भोकांच्या आत दोन पातळ हात, तेही बारीक ब्रशनं. व्हार्निश उन्हापासून संरक्षण देणारं, बाहेरच्या कामाचं हवं. आतल्या फर्निचरचं व्हार्निश समुद्रावर एका हंगामात सोलपटतं.

सात हात म्हणजे सात दिवस, असं मी धरलं होतं. लागले अठरा. का? नोव्हेंबर महिना, आमच्याकडे भाताची झोडणी चालू. शेजारच्या खळ्यावरचा भुसा वाऱ्यावर येतो आणि ओल्या व्हार्निशवर बसतो. पहिल्या दोन हातांत माझा दांडा पापडासारखा खरखरीत झाला. मग आईनं उपाय सांगितला, "खोलीत घे, जमिनीवर पाणी शिंपड, धूळ बसेल." तसं केलं. दुसरी अडचण दवाची. संध्याकाळी उशिरा हात मारला तर रात्री गारवा येतो, ओल बसते आणि सकाळी चमक जाऊन दुधाळ होतं. म्हणून हात मारायची वेळ सकाळी दहाच्या सुमारास, स्टँडअप मीटिंग संपली की. पावसाळ्यात तर हे काम करायचंच नाही.

[१४:००]

पॉलिश झालं. बघणाऱ्याला वाटेल, काम संपलं. खरं काम इथे चालू होतं. डेकवरची भोकं.

मधल्या शनिवारी मी बोटीवर गेलो. दहा भोकांपैकी तीन भोकांतून ओला, काळपट भुगा निघाला, गाळणीत उरलेल्या चहाच्या चोथ्यासारखा. हेच ते मधलं लाकूड. पुढच्या पायाचं भोक सगळ्यात वाईट होतं. पुन्हा तीच गोष्ट डोळ्यांसमोर आली, ती मुलगी आणि तो कट्ट आवाज. मी ज्याला लाइक मिळवले, त्याच्याखाली हे होतं.

उपाय असा. ६ मिलिमीटरच्या बोल्टचं भोक वरून १२ मिलिमीटरचं करायचं, पण खालचा फायबरचा थर तसाच ठेवायचा. वाकवलेला खिळा ड्रिलमध्ये लावून भोकाच्या आत फिरवला की भोवतीचं सडकं लाकूड खरवडून निघतं. चांगलं, कोरडं लाकूड लागेपर्यंत खरवडायचं. मग वाळवायचं. यात घाई नाही. आम्ही हेअर ड्रायर वापरला आणि मध्ये एक पूर्ण आठवडा भोकं झाकून, पण हवा लागेल अशी ठेवली.

नंतर खालून टेप लावून भोक बंद करायचं आणि वरून इपॉक्सी भरायचं. आधी पातळ इपॉक्सी ब्रशनं आतल्या लाकडाला पाजायचं, मग पावडर घालून घट्ट केलेलं इपॉक्सी काठोकाठ भरायचं. इपॉक्सीचे दोन भाग डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच, अंदाजानं नाही. आणि थोडं थोडं कालवायचं. मी एकदम मोठा कप कालवला आणि तो कप हातात तापून धूर सोडायला लागला.

दुसऱ्या दिवशी ते दगडासारखं होतं. मग पेन्सिलच्या खुणांवर दांडा ठेवून, त्याच्याच भोकांतून खूण करून, इपॉक्सीच्या मधोमध नवीन ६ मिलिमीटरचं भोक. आता बोल्टच्या चहूबाजूंनी इपॉक्सीची नळी आहे. उद्या सीलंट पुन्हा चुकलं, तरी पाणी फार तर गादीवर टपकेल, मधल्या लाकडाला शिवणार नाही. आमच्या क्षेत्रात म्हणतो तसं, एक थर फसला तरी सिस्टिम पडता कामा नये.

शेवटी भोकाच्या तोंडाशी मोठ्या ड्रिलनं हलकीशी वाटी करायची. त्या वाटीत सीलंट बोल्टभोवती कडं करून बसतं. हे दोन मिनिटांचं काम आहे आणि गळती थांबवण्यात याचा वाटा मोठा आहे.

[१६:३०]

आता सीलंट कोणतं? दुकानात गेलो तर पहिलं हातात येतं ते सिलिकॉन. इथे ते नको. सागवानावर नीट टिकत नाही, आणि त्याचा तेलकट अंश एकदा बसला की पुढे व्हार्निश त्यावर धरत नाही. पॉलियुरेथेनमधले काही प्रकार इतके घट्ट चिकटतात की पुढच्या वेळी दांडा तुटेल पण निघणार नाही. आम्ही पॉलिसल्फाइड घेतलं. ते रबरासारखं लवचिक राहतं, सागवानाशी जमतं, आणि पंधरा वर्षांनी कुणाला काढायचं असेल तर निघतं. पुढच्या माणसाचा विचार करून लिहिलेला कोड आणि पुढच्या माणसाचा विचार करून बसवलेला दांडा, दोन्ही एकच संस्कार.

बसवायच्या आधी सगळं एकदा कोरडं लावून बघा. बोल्ट पुरतात का, दांडा खुणांवर बसतो का. मग डेक आणि पायांचं पोट ॲसिटोननं पुसा, पायाभोवती डेकवर आणि दांड्याच्या कडेला टेप लावा. पायाच्या पूर्ण तळाला सीलंट, भोकाभोवती जास्तीचं कडं, बोल्टच्या डोक्याखालीही थोडं. कंजुषी नको, चहूबाजूंनी बाहेर आलं पाहिजे.

मधल्या पायापासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जायचं. आणि हे महत्त्वाचं : बोल्ट फिरवायचा नाही, नट फिरवायचा. वरच्या माणसानं डोकं घट्ट धरायचं, आतल्यानं नट आवळायचा. बोल्ट फिरला तर भोवतीचं सीलंटचं कडं मोडतं. आणि पूर्ण ताकदीनं आवळायचं नाही. सगळं सीलंट दाबून बाहेर काढलं तर मध्ये उरलं काय? सगळीकडून सारखं बाहेर आलं की थांबायचं. बाहेर आलेलं पुट्टीपातीनं काढून टेप लगेच सोलायची. काही दिवसांनी सीलंट रबर झालं की नट अजून थोडा आवळायचा, पुन्हा डोकं न हलवता.

नटाखाली आधी छोटे वायसर होते, नाण्याएवढेही नाहीत. म्हणूनच जोर एका जागी आला आणि पाय उचलला गेला. आता प्रत्येक नटाखाली रुंद स्टेनलेस पट्टी आहे. बोल्टही ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे, समुद्राच्या पाण्यासाठी तेच बरे.

राहिली बुचं. ती सुतारकाकांनी करून दिली. आमच्याकडच्या एका पाडलेल्या घराच्या चौकटीचा सागवानी तुकडा त्यांच्याकडे पडून होता, त्यातून. बूच बसवताना त्याची रेषा दांड्याच्या रेषेशी जुळवायची आणि गोंदाऐवजी व्हार्निशमध्ये बुडवून ठोकायचं, म्हणजे पुढे काढता येतं. वाळल्यावर वर आलेला भाग पटाशीनं कापायचा, पण पहिला काप उंचावर घ्यायचा. रेषा खाली उतरत असेल तर एकाच कापात बूच भोकाच्या आत तुटतं. मग वरून व्हार्निशचे दोन हात.

[१९:००]

शेवटी टेस्टिंग. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मी आत, प्रत्येक नटाभोवती टिश्यू पेपरची गुंडाळी लावून बसलो. वर सर बादलीनं पाणी ओतत होते, एकेका पायावर, सावकाश. पंधरा मिनिटं. टिश्यूवर एक थेंब पडला तरी दिसतो. दहाही टिश्यू कोरडे निघाले.

मग मी वर आलो आणि पुढचा पाय दोन्ही हातांनी धरून माझं सगळं वजन टाकून ओढला. हलला नाही. सरांनीही ओढून बघितला. काही बोलले नाहीत, नुसता दांड्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "शीड काढ."

ती मुलगी जानेवारीत पुन्हा आली. मी तिला ऑक्टोबरची सगळी गोष्ट सांगितली, माझ्या चुकीसकट. तिला माहीत असायला हवं होतं. ती म्हणाली, "म्हणजे मी तुझी टेस्ट केस होते?" आणि मग पुढे जाताना तिनं सरळ त्याच दांड्याला हात घातला.

तर मंडळी, या आठवड्याचं काम. घरात जिथे जिथे काहीतरी धरायला बसवलंय, तिथे एकदा हातानं जोरात ओढून बघा. जिन्याचा कठडा, बाथरूममध्ये आजीसाठी लावलेला दांडा, गच्चीची ग्रिल. किंचितही हललं तर रंग मारू नका, काढून बघा. भोकात काय आहे ते बघा. आणि 'नंतर बघू' असं वाटलं तर ज्याचा हात त्यावर पडणार आहे, त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणा.

तुम्हाला काय सापडलं ते व्हॉइस नोटनं पाठवा, चांगल्या नोट्स पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवू. आमच्या पडवीचा पत्रा मात्र अजून तसाच आहे. आई म्हणते, "बोटीचं झालं, आता घराचं बघ." या मे महिन्यात वर चढतोय, नवे वायसर घेऊन. भेटू पुढच्या रविवारी. काळजी घ्या!